फणसाच्या पानाचा भाव

"हात आहेत, विळे आहेत, भात पिकून उभं आहे... मग कापणी का थांबली, बुवा?"

त्रिंबकाचं सकाळपासून तिसऱ्यांदा विचारून झालं होतं. घोंगडेबुवा देवळाच्या ओट्यावर चवळीच्या शेंगा सोलत बसले होते. त्यांनी एक शेंग मोडली, दाणे ताटात पाडले, टरफल बाजूला टाकलं.

"बुवा, मी तुम्हाला विचारतोय."

"ऐकू येतंय."

"मग?"

बुवांनी दुसरी शेंग घेतली. त्रिंबकाचा जीव नुसता वरखाली होत होता.

हा त्रिंबक कोण, ते आधी सांगायला हवं. पुण्यात अर्थशास्त्र शिकलेला, पहिल्या वर्गात पास झालेला. हे तो ओळख झाल्यावर पाचव्या मिनिटाला सांगायचा. पैसा म्हणजे काय, या एका प्रश्नाने त्याला पछाडलं होतं. पुस्तकांत सात व्याख्या सापडल्या, एकही धड गळी उतरली नाही. कोणीतरी म्हणालं, खाली कोकणात सावरकोंड नावाची वाडी आहे, तिथल्या घोंगडेबुवांना विचार. ते पूर्वी मुंबईत मोठ्या पेढीवर होते. नोटांच्या थप्प्या हाताळून हाताळून एक दिवस उठले आणि घोंगडी पांघरून चालते झाले.

गडी चैत्रात आला. बुवांना प्रश्न विचारला. बुवा म्हणाले, "जेवलास का?"

त्यानंतर तो तिथेच राहिला.

सावरकोंडात बावीस घरं. शेतीची कामं सावडीने चालायची. म्हणजे आज सगळ्यांनी तुझ्या शेतात राबायचं, उद्या सगळ्यांनी माझ्या. मजुरी नाही, काही नाही. फक्त भांडणं मात्र भरपूर. तुझं खाचर केवढं, माझं केवढंसं! तुझ्या घरून एक माणूस आलं, माझ्या घरून तीन गेली! दर पावसाळ्यात दोन घरं तरी एकमेकांशी बोलायची बंद व्हायची.

त्रिंबकाला हसू आलं. एवढं सोपं गणित यांना सुटत नाही?

त्याने शिवणीच्या लाकडाच्या एकशे दहा चकत्या कापून घेतल्या. तापल्या सळईने प्रत्येकीवर खूण उठवली. घरटी पाच वाटल्या. एका माणसाचं एक दिवस काम, त्याची एक चकती. माझ्याकडे राबलास, घे चकती. मला माणूस हवा, देतो चकती. मिटलं भांडण.

आणि खरोखर मिटलं, बरं का! लावणी अशी झाली की म्हातारी माणसंसुद्धा तोंडात बोट घालून बघत राहिली. त्रिंबकाने पुण्याच्या मित्राला चार पानी पत्र लिहिलं. सावरकोंडातला प्रयोग आजूबाजूच्या चाळीस गावांत न्यायचा, असं त्याच्या मनाने घेतलं होतं. चकत्यांचा हिशेब ठेवण्याची सांभाळणावळ म्हणून प्रत्येक घराने एकेक चकती आपण होऊन त्याला दिली.

मग दसरा आला. लवकर पिकणारं हळवं भात पिवळं झालं, लोंब्या वाकल्या. आणि कापणी सुरूच होईना.

जो तो विळ्याला धार लावून दारात बसलेला.

"सोनू, अरे भात पिकलंय तुझं."

"पिकलंय ना."

"मग बोलव माणसं!"

"बोलवीन की. आधी मला कोणी बोलवूदे. आणखी चार चकत्या हाताशी आल्या की मग बोलवतो."

भिकाजीकडे गेला, तर तो म्हणाला, "मार्गशीर्षात पोरीचं लगीन आहे. मांडवाला माणसं नकोत? चकत्या काय अशा उधळायच्या?"

बावीस घरी बावीस तऱ्हा, पण मुद्दा एकच. आधी मिळवू, मग घालवू. आता सगळेच मिळवायला बसले तर घालवणार कोण? हे त्रिंबकाला कळत होतं. कळून उपयोग होत नव्हता, हे त्याचं दुखणं.

त्यात आणखी एक गंमत झाली होती. श्रावणात एका चकतीला चार नारळ मिळायचे. आता सात मिळायला लागले. उद्या आठ होतील म्हणून आज कोणी चकती सोडेना. आणि कोणी सोडेना म्हणून दुसऱ्या दिवशी खरंच आठ झाले.

पण त्रिंबकाचं मन खरं लागलं होतं ते ठकूबाईच्या शेतात.

ठकूबाई एकटी बाई. नवरा गेलेला, मूलबाळ नाही. श्रावणात तापाने पडली, तेव्हा बेणणीसाठी, म्हणजे शेतातलं तण काढायला, होत्या नव्हत्या त्या सगळ्या चकत्या देऊन बसली. त्यातून उठली तेव्हा हातात एकही नव्हती आणि तिला कामाला बोलवायलाही कोणी तयार नव्हतं. तिचं भात सगळ्यांच्या आधी पिकलेलं. वाऱ्याची झुळूक आली की दाणे झडत होते. आणखी चार दिवस गेले असते तर वर्षाचं धान्य चिमण्यांचं झालं असतं.

सावड असती तर पहिलं शेत तिचंच कापलं गेलं असतं. हे तिने बोलून दाखवलं नाही. त्रिंबकाला तेच जास्त लागलं.

म्हणून तो सकाळपासून बुवांपुढे बसला होता.

"चकत्या कमी पडतायत का, बुवा? आणखी शंभर करतो."

"कर की."

"मग सुरू होईल कापणी?"

"त्याही जपतील."

हे त्रिंबकाच्याही मनात येऊन गेलं होतं.

"कोणाकडे किती आहेत?" बुवांनी विचारलं.

"भिकाजीकडे एकोणीस. सोनूकडे आठ. बाकीच्यांकडे तीन, चार..."

"तुझ्याकडे?"

"बावीस."

"कशाला ठेवल्यास?"

"अडीअडचणीला."

बुवांनी पहिल्यांदा मान वर केली.

"आली नाही का अजून?"

त्रिंबकाच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. तो चाचरत म्हणाला, "तसं नाही, बुवा. मी सांभाळणारा. मीच पेटी उघडली तर शिस्त काय राहिली? आणि ठकूबाईला फुकट दिल्या तर उद्या सगळेच..."

"खरं आहे," बुवा म्हणाले.

त्यांनी ताट बाजूला सारलं. वळचणीला खोचलेला विळा काढला. धार अंगठ्याने पाहिली.

"चल."

"कुठे?"

"कापायला."

"तुम्हाला कुठे शेत आहे, बुवा?"

बुवा चालायला लागलेसुद्धा.

ठकूबाई बांधावर बसून चिमण्या हाकत होती. बुवांना बघून ती धडपडत उठली.

"बुवा, माझ्याकडे चकती नाय हो."

"माझ्याकडे विळा आहे."

"अहो पण... तुम्ही? या वयात?"

बुवा खाचरात उतरले होते. मग त्रिंबकालाही उतरावं लागलं. ठकूबाईने तिसरा विळा आणला.

दुपारपर्यंत त्रिंबकाच्या कंबरेचे टाके ढिले झाले. हाताला फोड आले, अर्थशास्त्राचा एकही नियम आठवेना. सत्तरीचे बुवा मात्र एका लयीत मुठी कापत पुढे चालले होते.

उन्हं कलली तेव्हा पाव शेत झालं होतं.

ठकूबाई घाम पुसत बुवांसमोर येऊन उभी राहिली. मग ती एकदम वळली. शेताला लागूनच तिचं घर, दारात फणसाचं झाड होतं. तिने एक जून, जाडसर पान खुडलं, देठाशी नखाने खुणेचे तीन काटे मारले आणि बुवांच्या हातावर ठेवलं.

"हा माझा एक दिवस, बुवा. सांगाल तिथं येऊन राबीन. फुकटचं काम मला पचायचं नाय."

बुवांनी पान दोन्ही हातांनी घेतलं, कपाळाला लावलं.

त्रिंबकालाही ती पान द्यायला लागली. त्याने हात मागे घेतला.

"ठकूबाई, हे पान आहे. चकती नाही. याच्यामागे काही नाही."

"मी हाय ना," ती म्हणाली.

त्रिंबकाला यावर पुस्तकातलं उत्तर होतं. पण थकल्यामुळे ते तोंडात आलं नाही.

परत येताना वाटेत सोनूची बायको पारू भेटली. डोक्यावर पाण्याची कळशी.

बुवा म्हणाले, "पारू, उद्या सोनूला ठकूबाईच्या शेतात धाड. हे घे. ठकूबाईचा एक दिवस."

पारूने पान उलटंपालटं करून बघितलं.

"तुम्ही घेतलंत हे, बुवा?"

"घेतलं."

"मग आम्हाला काय अडचण?" असं म्हणून तिने पान कंबरेला खोचलं आणि गेली.

त्रिंबक जागच्या जागी उभा राहिला. "बुवा! दिवसभर राबून मिळवलंत आणि पन्नास पावलांत देऊन टाकलंत?"

"वाळलं असतं," बुवा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सोनू ठकूबाईच्या शेतात हजर. सोनू गेलेला बघून आणखी पाचजण आले. सोनूकडे पान आहे, सोनूला ते बुवांकडून आलं, एवढं त्यांना पुरलं. ठकूबाईने आणखी पाच पानं खुडली, पाचांवर नखाचे तीन तीन काटे मारले. संध्याकाळपर्यंत शेत मोकळं. भारे खळ्यात येऊन पडले, तेव्हा ठकूबाई भाऱ्यावर बसून हुंदके देऊन रडली. कोणी तिला गप्प केलं नाही.

झालं एवढंच असतं तर गोष्ट इथे संपली असती.

पण पुढचे दिवस त्रिंबकाने जे बघितलं, त्याने त्याची झोप उडाली. सोनूने पान येसबाला दिलं आणि त्याला आपल्या शेतात बोलावलं. येसबाने ते तिसऱ्याला दिलं. ज्याच्या हाती पान येई, तो दुसऱ्या दिवशी ते घालवायच्याच मागे. ठकूबाईला बोलवायचं पुढे कधीतरी. आधी पान हिरवं आहे तोवर कापणी उरकून घेऊ! चकत्या पेट्यांत बसून राहिल्या. पानं मात्र वाडीभर हिंडायला लागली.

ठकूबाईचं बघून बाकीचेही आपापल्या दारातलं पान द्यायला लागले. भिकाजीच्या दारात काजू, येसबाच्या दारात रामफळ. प्रत्येकाने आपली नखाची खूण ठरवली.

त्रिंबक धावत ओट्यावर आला.

"बुवा, एकशे दहा चकत्या आहेत, त्यांनी अख्ख्या आठवड्यात एक मूठ भात कापलं नाही. आणि एका पानाने चार दिवसांत चार शेतांत माणूस उतरवला! एकच पान! मी मोजलंय."

"अस्सं?"

"चकती पक्की आहे म्हणून घरात बसते. पान कच्चं आहे म्हणून बाहेर पडतं. मग खरा पैसा पक्का हवा की कच्चा?"

"पारावर जाऊन बस," बुवा म्हणाले.

त्रिंबक पारावर जाऊन बसला. संध्याकाळी तिथे माणसं जमायची, उद्याची कामं ठरायची. आणि तिथे त्याला पुण्यात कधी न दिसलेली गोष्ट दिसली. पानांना भाव फुटले होते.

ठकूबाईचं फणसाचं पान म्हणजे पुरा दिवस. कोणीही, कधीही, डोळे मिटून घेई. भिकाजीचं काजूचं पान म्हणजेही पुरा दिवस, पण तो राबायला आला की दिवसभर कुरकुर करायचा, म्हणून त्याच्या पानाबरोबर वर एक नारळ मागत. येसबाचं रामफळाचं पान सकाळी स्वस्त, संध्याकाळी महाग, कारण येसबाचा खोकला दुपारनंतर उतरायचा.

आणि दगडूचं आंब्याचं पान.

दगडूने पहिल्याच सकाळी वीस पानं खुडून वाटायला घेतली होती. माणूस वाईट नव्हता. बोलायला गोड, पोरांत पोर. पण अंगात आळस असा भिनलेला की विचारू नका. ज्यांनी त्याची पानं घेतली, त्यातल्या दोघांनी त्याला बोलावलं. एकाकडे तो उन्हं डोक्यावर आल्यावर पोचला आणि बांधावर आडवा झाला. दुसऱ्याकडे पोचलाच नाही. त्या संध्याकाळी पारावर दगडूची दोन पानं म्हणजे एक दिवस झाला. दुसऱ्या दिवशी चार पानं. तिसऱ्या दिवशी कोणी हात लावेना.

"हे भाव ठरवतं कोण?" त्रिंबकाने शेजारच्या सोनूला विचारलं.

"कोण म्हणजे? तेवढाच भाव आहे त्याचा."

"पण आधी कोणीतरी म्हणालं असेल ना?"

"आपल्याला काय ठाऊक."

त्रिंबकाने एकेकाला गाठलं. ठरवणारा माणूस काही सापडला नाही. जो तो म्हणे, बाकीचे घेत नाहीत म्हणून मी घेत नाही. बाकीच्यांना विचारावं तर त्यांचंही तेच. त्रिंबकाला गंमत वाटली आणि थोडी भीतीही वाटली. दगडूला मुद्दाम कोणीच बुडवत नव्हतं, आणि दगडू मात्र बुडत होता.

एक गोष्ट आणखी झाली. माणसं मोकळी झाली तसे चकतीचे नारळ आठावरून पाचावर आले, पाचावरून तीनावर. आणखी घसरतील म्हणून भिकाजीने घाईघाईने पेटी उघडली आणि सहा चकत्या देऊन सहा माणसं बोलावली. तरी एक माणूस कमीच पडत होता, म्हणून त्याने सातवा म्हणून त्रिंबकालाही नेलं.

या वेळी त्रिंबकाची कंबर कमी दुखली. संध्याकाळी भिकाजीने विचारलं, "चकती देऊ की पान?"

"कोणाचं पान?"

"ठकूबाईचं आलंय माझ्याकडे."

"पानच द्या," त्रिंबक म्हणाला. म्हणाला आणि स्वतःच चकित झाला.

पान करपून तपकिरी झालं होतं, पण नखाचे तीन काटे स्पष्ट दिसत होते. जन्मात पहिल्यांदा अंगमेहनतीने मिळवलेलं काहीतरी हातात आलं होतं. त्याने ते आपल्या सर्वांत जाड पुस्तकात, नेमकं 'चलन' नावाच्या प्रकरणात, जपून ठेवलं. पुण्याला न्यायचं. प्राध्यापकांच्या टेबलावर ठेवायचं. म्हणायचं, बघा!

दोन दिवस गेले. खाचरं एकेक करून मोकळी होत गेली. तिसऱ्या सकाळी ओट्यावरून बघितलं तर खाली सगळीकडे नुसते बुंधे, आणि मधे एकच पिवळा तुकडा उभा. दगडूचं शेत.

शेतात दगडूची बायको सगुणा कापत होती. दोन लहान पोरी तिच्यामागून मुठी गोळा करत होत्या. दगडूही होता. आज तो खरंच कापत होता, घामाघूम होऊन. पण दोन माणसांनी ते शेत आठ दिवसांत कापून झालं नसतं, आणि दाणे तर आताच झडत होते. बांधावर आंब्याच्या हिरव्या पानांची चळत पडली होती. सकाळीच खुडलेली. घेणारं कोणी नव्हतं.

त्रिंबकाने तिकडे बघितलं. वाईट वाटलं. मग तो बुवांकडे वळला, कारण त्याला दुसरं काहीतरी दाखवायचं होतं.

"बुवा, मी परवा पुण्याला निघतो. हे बघा काय नेतोय."

त्याने पुस्तक उघडलं. पान उचलायला गेला. वाळकं पान बोटांत कुडकन मोडलं, आणि मग त्याचा नुसता भुगा झाला.

"अरे अरे अरे!"

त्याने भुगा गोळा करायचा प्रयत्न केला. तो पानापानांत शिरून बसला होता.

"माझा अख्खा दिवस गेला, बुवा!"

तेवढ्यात पायरीवर कोणीतरी खोकलं. ठकूबाई उभी होती. कंबरेला पदर खोचलेला, हातात विळा.

"त्रिंबकराव, माझी सहा पानं बाहेर होती. पाच फिटली, चुलीत घातली. सहावं तुमच्याकडे आहे, असं भिकाजी म्हणाला. परवा तुम्ही जाणार, असं कळलं. म्हणून म्हटलं आपणच जावं. कुठं यायचं राबायला?"

त्रिंबकाने भुग्याकडे बघितलं.

"ठकूबाई... पान मोडलं. नाही राहिलं."

"मोडंना का. सात दिवस टिकलं, लई झालं." ती पायरीवर विळा घासत म्हणाली, "मी कुठं मोडल्ये? बोला. कुठं यायचं?"

त्रिंबकाला शेत नव्हतं. कापायला भात नव्हतं, शाकारायला घर नव्हतं. एका चांगल्या बाईचा एक पुरा दिवस त्याने दोन दिवस पुस्तकात कोंडून ठेवला होता, आणि तो मागून घ्यायला त्याच्याकडे काही कामच नव्हतं. खाली दगडूच्या शेतात तेवढ्या वेळात दाणे झडत होते. हे त्याच्या लक्षात आलं तशी त्याला आपली अशी काही लाज वाटली की तोंड त्याने दोन्ही हातांनी झाकून घेतलं.

आणि तरीही, काय करणार, त्याचा स्वभावच तसा, त्याच्या आतला प्रश्न काही गप्प बसेना.

"बुवा," तो म्हणाला, "चैत्रात आलो. सात महिने झाले. चकती बघितली, पान बघितलं, भाव चढताना बघितले, पडताना बघितले. आता तरी सांगा... पैसा म्हणजे काय?"

घोंगडेबुवांनी घोंगडीच्या घडीत हात घातला. बराच वेळ चाचपडले. मग त्यांनी तळहात पुढे केला. तळहातावर आंब्याचं एक पान होतं, देठाशी नखाची एक वाकडी खूण.

"हे दगडूचं," बुवा खालच्या पिवळ्या तुकड्याकडे बघत म्हणाले. "घेतोस?"